थ्रेशरमध्ये हात गेला, तरी काकाजींना त्या हाताची बोटं दुखतात. यावर कुणी संशोधन केलंय का?

केलंय. आधी एक: ही बाहेरबाधा नाही, देवऋष्याकडे पैसे घालू नका. हात गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा राहतो. चेन्नईत डॉक्टरकी शिकलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात यावर साधा आरसा वापरला. धड हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं. धड हात हलवला की गेलेल्या हाताची आवळल्यासारखी वाटणारी मूठ सुटल्यासारखी वाटते. काहींची कळ कमी होते, सगळ्यांची नाही. ऑटिझमबद्दलचा (स्वमग्नतेबद्दलचा) रामचंद्रन यांचा सिद्धांत पुढे फारसा टिकला नाही, पण आरसा लकव्यानंतरच्या व्यायामातही आला. संशोधकाचा प्रभाव मी तरी यातच मोजतो. सेवाग्रामच्या दवाखान्यात फिजिओथेरपीवाल्यांना विचारून पाहा.