ग्रुपला मान्यता नाही, मग नोटीस कशाची?

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात एस.वाय.ला आहे. मित्रांनी मिळून ट्रेकिंगचा ग्रुप काढला. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेसाठी प्रत्येकी ३०० रुपये गोळा केले आणि टी-शर्टवर कॉलेजचे बोधचिन्ह छापले. आता ‘अनधिकृत संघटना चालवल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत खुलासा करा’ अशी नोटीस आली आहे. ग्रुप काढणे गुन्हा आहे का?
– एक पालक, राजारामपुरी

उत्तर : मुळीच नाही. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. मात्र कॉलेजने त्या संघटनेला मान्यता द्यावीच, असे त्यातून निघत नाही. मान्यता मिळाली की कॉलेजचे नाव, हॉल, नोटीस बोर्ड वापरता येतो. तुमच्या मुलाचे घोडे अडले ते बोधचिन्हावर आणि पैशांवर. तो टी-शर्ट पाहून कुणालाही सहल कॉलेजचीच वाटणार. भर पावसात मसाई पठारावर एखाद्याचा पाय मोडला, तर लोक जाब प्राचार्यांनाच विचारणार. कॉलेजची ही काळजी रास्त आहे.

आता खुलाशाचे. नोटिशीत कोणता नियम लिहिला आहे ते पाहा. लिहिला नसेल तर प्रवेशाच्या वेळची माहितीपुस्तिका आणि सही केलेले हमीपत्र काढून वाचा. तिथेही सापडला नाही तर नियमाची प्रत लेखी मागा. त्या उत्तराची वाट पाहत मुदत मात्र चुकवू नका. खुलासा एका पानाचा पुरे : ग्रुप कधी सुरू झाला, सभासद किती, पैसे किती जमले, कशावर खर्च झाले आणि बोधचिन्ह वापरणे थांबवले आहे. सोबत बसभाड्याची पावती आणि जमाखर्च जोडा. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ‘सरांना सांगितलंय’ हे पुढे कुणी मानत नाही.

एक गोष्ट जपा. ‘यापुढे कोणत्याही ग्रुपमध्ये राहणार नाही’ असे सरसकट लिहून देऊ नका. उद्या बाहेरच्या एखाद्या मंडळाचे निमित्त करून तोच कागद पुढे केला जाईल. ‘परवानगीशिवाय कॉलेजचे नाव वापरणार नाही’ एवढेच लिहा.

बाजू न ऐकता शिक्षा झाली, तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते.

ग्रुप पुढे चालवायचा असेल, तर मान्यतेसाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज करा. त्यात उद्देश, वर्ग व रोल नंबरसह सभासदांची यादी, वर्षाचे कार्यक्रम आणि एका प्राध्यापकाची समन्वयक म्हणून संमती हवी. अर्ज बहुधा या संमतीपाशीच अडतो, कारण अपघाताची जबाबदारी कुणाला नको असते. पालकांची संमतीपत्रे, प्रथमोपचाराची सोय आणि अनुभवी वाटाड्या हे आधीच कागदावर दाखवले, तर एखादे सर किंवा मॅडम तयार होतात.

प्रश्न : मी मंगळवार पेठेतल्या एका तालमीचा सभासद आहे, त्यांच्याकडून फुटबॉल खेळतो. हे कॉलेजला कळवावे लागते का?

उत्तर : तालीम कॉलेजबाहेरची संस्था आहे, तिला कॉलेजची मान्यता लागत नाही. हजेरी सांभाळा. मैदानावरची भांडणे गेटच्या आत आणलीत, तर मात्र कॉलेजचे शिस्तीचे नियम लागतील.

प्रश्न : होस्टेलवर सीनियर मुलांचा एक ‘ग्रुप’ आहे. नव्या मुलांनी त्यात यावेच लागते, रात्री उभे करून ‘इंट्रो’ घेतात. नाही म्हटले तर काय होईल?
– एफ.वाय.चा विद्यार्थी

उत्तर : निःसंकोच नाही म्हणा. हे रॅगिंग आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यात यासाठी २ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तुम्ही, पालक किंवा शिक्षक यांपैकी कुणीही लेखी तक्रार केली, तर संस्थाप्रमुखांनी ७ दिवसांत चौकशी करायची असते. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसले, तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करावे लागते. टाळाटाळ करणारे संस्थाप्रमुखही या कायद्याच्या कचाट्यात येतात. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि नंबर दिसतील असे, आणि ते घरच्यांना पाठवून ठेवा. रेक्टरकडे जायची भीती वाटत असेल, तर १८००-१८०-५५२२ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर आज रात्रीच फोन करा.