शाळा म्हणते मुलाला एडीएचडी असू शकतो, घरचे म्हणतात मोठा झाला की सुटेल. थांबू का?

ताई, तुमचा मुलगा ९ वर्षांचा. शाळेला एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याच्या अडचणीची शंका आहे, म्हणून डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय, आणि सासूबाई म्हणतात, "याचा बाप बी असाच होता, मोठा झाला का होऊन जाते सारं बरोबर." मी नागपुरातच विशेष शिक्षिका आहे, अशी मुलं रोज माझ्यासमोर बसतात. माझं उत्तर आहे, थांबू नका.

सासूबाईंना खोटं मात्र पाडू नका. बाप असाच होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. एडीएचडी घराण्यात चालतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळचं फार कमी वजन यांनीही शक्यता वाढते. गोड खाल्ल्याने किंवा आईने लाडावून ठेवल्याने तो होत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे पहिलं बोट आईकडेच जातं.

आता "बरोबर होऊन जाते" याबद्दल. वयाबरोबर कमी होतं ते धावणं, खुर्चीवरून उठणं, पंख्याला लटकायला बघणं. लोकांना दिसतं तेवढंच, म्हणून वाटतं की सुटलं. लक्ष टिकवणं, काम सुरू करणं, वेळेचा अंदाज, मनात आलं की बोलून टाकणं, या अडचणी बऱ्याच जणांत राहतात. यजमानांना निवांत वेळी विचारून बघा: लाईट बिल शेवटच्या तारखेनंतरच का भरलं जातं, गाडीची चावी रोज का शोधावी लागते, अर्धवट सोडलेली कामं किती आहेत. त्यांनाही एडीएचडी आहेच असं मी म्हणत नाही. पण असला, तर त्यांनी तो आयुष्यभर एकट्याने ओढलाय, आणि मोठ्यांवरही उपचार होतात. १७ वर्षांपुढे निदानासाठी लक्षणं थोडी कमी लागतात, डॉक्टरांच्या लक्षणांच्या यादीतल्या ९ पैकी ६ ऐवजी ५. पण काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात. तिथे आजीची आठवण फार कामाची.

"मोबाईलवर दोन तास बसतो, मग लक्ष नाही कसं?" हे मला प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. मोबाईल दर क्षणाला काहीतरी नवीन देतो. अडचण येते ती कंटाळवाण्या कामात मन स्वतःहून धरून ठेवण्यात. मेंदूच्या पुढच्या भागाचं हे काम, आणि त्यात डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन या रसायनांचा हात असतो. चौथीतल्या एका मुलाची वही सांगते. वजाबाकीची पहिली तीन गणितं बरोबर, हातच्यासकट. चौथ्यात वजाबाकीऐवजी बेरीज. पाचवं अर्ध्यावर, आणि खाली खोडरबराचे बारीक तुकडे ओळीने मांडलेले. वजाबाकी त्याला पक्की येत होती. घरी मात्र त्या पानासाठी तो आळशी ठरून मार खात होता. थांबू नका म्हणते ते यासाठी. आठवीपर्यंत असं ऐकत गेलेलं मूल स्वतःला ढ समजायला लागतं, आणि ते काढायला आम्हाला एडीएचडीपेक्षा जास्त वेळ लागतो. मुलींचं तर निदानच उशिरा होतं. त्या बहुतेक वेळा दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात.

एडीएचडीची रक्ताची तपासणी नाही, एमआरआयनेही कळत नाही. डॉक्टर आईवडिलांशी बोलतात, घर आणि शाळा दोन्हीकडून प्रश्नावली भरून घेतात, लक्षणं ६ महिने तरी आहेत का ते बघतात. कान, डोळे, झोप, फिट्स यांची खात्री करून घेतात. लिहिण्यावाचण्याची अक्षमता सोबत असेल तर तीही तपासून घ्या. तिच्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

औषधाची भीती समजते. ६ वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण असतं. तुमच्या मुलाच्या वयात डॉक्टर त्याच्या जोडीला मेथिलफेनिडेट सुचवू शकतात. साध्या गोळीचा असर तासाभरात दिसतो आणि साधारण ४ तास राहतो. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, म्हणून चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्यावरून "नशेची गोळी" अशी बदनामी होते. पण डॉक्टर सांगतील तेवढ्या मात्रेत घेतल्याने मुलाला व्यसन लागतं, असं दिसलेलं नाही. भूक मरते आणि झोप उशिरा लागते, हे खरं. आधी पोटभर पोहे, मग गोळी, आणि रात्रीचं जेवण भरपूर. मे महिन्यात आपल्याकडे उन्हानेच मुलं जेवत नाहीत, तेव्हा वजनावर जास्त लक्ष ठेवा. ही गोळी सोसली नाही तर अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे, पण त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत सोडून देऊ नका.

नागपुरातलं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) आणि मिहानमधलं एम्स, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत. जाताना मुलाच्या जुन्या वह्या आणि शाळेचे शेरे सोबत न्या. वर्गशिक्षिकेला आजच एवढं सांगा: पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, दहा गणितं पाच-पाच करून द्या, आणि मधे फळा पुसायला उठवा. याला निदानाची वाट बघावी लागत नाही.