तारीख हलवायची नाही

प्रिय मुला,

परवा तुझे वडील येऊन गेले. तुझ्या वृषणाच्या कॅन्सरचा रक्तातला मार्कर, म्हणजे खूण दाखवणारं बीटा-एचसीजी, नॉर्मल आलं, तेव्हा आता शरीराला जरा आराम द्या, केमोची तिसरी सायकल रंगपंचमीनंतर घेऊ, असं तुझे काका म्हणतात. आणि तुलाही ते पटायला लागलंय. तारीख हलवायची नाही.

धीर द्यायला तुझी आई आहे. मी हिशेब सांगतो. रक्तातला मार्कर उतरला म्हणजे फुफ्फुसातली शेवटची पेशी मेली असं नव्हे. पाच दिवस सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड, आठवड्याला एक ब्लिओमायसिन, आणि एकवीस दिवस झाले की पुन्हा पहिल्यापासून. मधल्या दिवसांत तू सावरतोस. उरलेल्या पेशीही सावरतात. त्यांना रंगपंचमीची गेर, आपल्या इंदूरची ती रंगांची मिरवणूक, बघायला सुट्टी द्यायची?

1974 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात डॉ. आइनहॉर्न यांनी आधीच्या औषधांना सिस्प्लॅटिन जोडून बघितलं. त्याआधी इतका पसरलेला आजार बहुतेक पोरांना घेऊन जायचा. आता तुझ्या गटातली दहातली नऊ बरी होतात, पण वेळच्या वेळी औषध घेऊन.

नोकरीच्या सुरुवातीला एका मुलाच्या घरी बहिणीचं लग्न निघालं. दहा दिवस मागितले, मी दिले. दहाचे पाच आठवडे झाले. मुलगा गेला. उशिरामुळेच गेला असं नाही म्हणणार, फुफ्फुसं आधीच भरली होती. पण 'हो' मी म्हटलं होतं. तेव्हापासून इंदूरभर मला खडूस म्हणतात. म्हणू देत. पहिल्या सायकलआधी वीर्य साठवायला पाठवलं, तेव्हा तूही चिडला होतास. केमोनंतर मूल होणं जमेलच याची खात्री नसते, म्हणून पाठवलं. लाजण्यासारखं त्यात काय होतं?

पांढऱ्या पेशी कमी असल्या तर काय करायचं ते आम्ही डॉक्टर ठरवू. काका नाही, पंचांग नाही. ताप 100.4 झाला तर रात्री दोनला का होईना, थेट दवाखाना. गोळी घेऊन झोपायचं नाही. आणि राजवाड्यामागची ती सिगरेटची टपरी बंद. ब्लिओमायसिन आधीच फुफ्फुसांना धरतं, तू आणखी भर घालू नकोस.

तारीख हलवायची नाही, हे काकांना मी स्वतः फोन करून सांगतो. ओरडतील माझ्यावर, सवय आहे.

मंगळवारी सकाळी सातला बॅग घेऊन वॉर्डात ये. वडिलांना म्हणावं, येताना पोहे-जिलबी आणू नका. त्या पाच दिवसांत तुला वासही सोसायचा नाही.

तुझा,
डॉक्टरकाका