मुंबई उरकू नका, आधी आई-वडिलांना विचारा

सत्तर उलटलेल्या आई-वडिलांना घेऊन गोव्यातल्या साखळीहून पहिल्यांदाच मुंबईला निघालाय, तीन दिवस हातात आहेत आणि जास्तीत जास्त ठिकाणं कशी उरकायची, असं तुम्ही विचारलंय. 'उरकायची' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो.

2018 च्या डिसेंबरात मी आणि दादा आईला घेऊन गेलो होतो. आईचं माहेर गोव्यातलंच मांद्रे गाव. मुंबईत तिला एकच गोष्ट बघायची होती, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. कारण भाऊ दाजी मूळचे मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, दोनदा मुंबईचे शेरीफ म्हणजे नगरपाल, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून झटलेल्यांपैकी एक. 1872 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं नाव होतं. भाऊंचं नाव लागलं ते 1975 मध्ये. आईला ही साल-तारीख ठाऊक नव्हती. पोर्तुगीज अमदानीत गावच्या मराठी शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं की आपल्या मांद्र्याचा मुलगा मुंबईत जाऊन मोठा डॉक्टर झाला. तेवढं तिने साठ वर्षं मनात धरून ठेवलं होतं.

दादाने मात्र मुंबई दर्शनाची बस ठरवली. 'आईचे गुडघे दुखतात, बसल्या जागी सगळं बघून होईल,' हा त्याचा हिशोब. गेटवेला वीस मिनिटं, हँगिंग गार्डनला वीस मिनिटं, आणि प्रत्येक ठिकाणी बसच्या त्या उंच पायऱ्या उतरा नि परत चढा. चौथ्या थांब्यापासून आई उतरलीच नाही. मांडीवर पिशवी घेऊन खिडकीशी बसून राहिली. रात्री काय आवडलं विचारलं, तर म्हणाली, 'मरीन ड्राईव्हला वारा बरा होता.'

दुसऱ्या दिवशी मी तिला भायखळ्याला नेलं. बुधवार होता. फाटक बंद. संग्रहालय आणि शेजारची राणीची बाग, दोन्हींना बुधवारी सुट्टी असते हे मी आधी बघितलं नव्हतं, ती चूक सर्वस्वी माझी. रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसची परतीची तिकिटं खिशात होती. आई म्हणाली, 'राहू दे, बाहेरून बघितलं ना.' ती हे कशी म्हणाली ते ऐकलं आणि मी आमची दोघांची तिकिटं रद्द केली. दादा चिडून एकटाच परतला. आम्ही दादरला मावशीकडे राहिलो.

गुरुवारी आई आत दोन तास होती. आधी पाटीवरचं नाव तिने बोट फिरवत मोठ्याने वाचलं. मग मातीच्या छोट्या माणसांपाशी अडकली. जुन्या मुंबईतले वेगवेगळ्या जातीधंद्यांचे लोक तिथे हातभर उंचीचेही नाहीत, पण पगडीची घडी न् घडी दिसते. आई काचेला इतकी चिकटून बघत होती की श्वासाने काच धुरकट व्हायची, मग ती पदराने पुसायची आणि पुन्हा वाकायची. त्या दोन तासांत गुडघ्याचं नाव काढलं नाही. दमली की बाकावर बसायची, आणि चला म्हणून घाई करणारं कुणी नव्हतं.

दरवर्षी चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी बांधताना हा वाद निघतोच. दादा म्हणतो, एका संग्रहालयापायी तिकिटं बुडवली. मी म्हणतो, गुडघे दुखतात म्हणूनच ठिकाणं कमी हवीत. दिवसाला एक, फार तर दोन. तुमच्या आई-वडिलांना काय बघायचंय ते विचारलंत का? प्रश्नात कुठेच दिसलं नाही.

आता राहण्या-फिरण्याचं. राहा दादरला. मध्य आणि पश्चिम, दोन्ही मार्गांच्या लोकल तिथे मिळतात आणि कोकणकन्या पहाटे तिथेच उतरवते. मांडवी एक्स्प्रेस दिवसाची, ती रात्री पोचवते. वयस्क माणसांसोबत रात्री नवख्या शहरात उतरू नका. लोकल दाखवाच, पण सकाळी अकरानंतर आणि दुपारी चारच्या आत, आणि तीही धीमी. टॅक्सीचा भाव आधी ठरवायची आपली गोव्याची सवय तिथे सोडा, काळीपिवळी मीटरवर चालते. रिक्षा मात्र वांद्रे आणि शीव (सायन) यांच्या दक्षिणेला मिळणारच नाही, उगाच शोधत उभे राहू नका. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो आता पूर्ण सुरू आहे. लोकलची चढउतार झेपत नसेल तर तीच बरी.

घारापुरीला सोमवारी लेणी बंद. गेटवेहून लाँचने तासभर, आणि वर शंभराहून जास्त पायऱ्या. डोलीवाले असतात, पण वडिलांना डोलीत बसायला संकोच वाटेल की नाही ते तुम्हालाच ठाऊक. नाहीच जमलं, तर ज्या दगडी हत्तीमुळे त्या बेटाला एलिफंटा हे नाव पडलं, तो हत्ती भायखळ्याला त्या संग्रहालयाच्या आवारातच उभा आहे. एकही पायरी न चढता बघता येतो.

एक सांगायचं राहिलं. ज्यांना खरोखरच बसमधून शहर बघायला आवडतं, त्यांनी बसने जरूर जावं. माझी मावशी त्यातलीच. आणि हे सगळं डिसेंबर-जानेवारीचं गणित आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, समुद्र खवळला की लाँचही बंद. संग्रहालयात डागडुजीचं काम निघतं कधी कधी, तेव्हा निघण्याआधी फोन करून खात्री करा.

आईच्या हरिपाठाच्या पुस्तकात ते प्रवेशाचं तिकीट अजून आहे. दादाला हवं तर येऊन बघू दे.