आधी मॉनिटर, मग कार्ड

गेमसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? कार्डांच्या याद्या बाजूला ठेवा आणि आधी मॉनिटरचं रिझोल्यूशन पक्कं करा. १४४०पी (२५६० x १४४० पिक्सेल) असेल तर एनव्हिडियाचं सगळ्यात वरचं आरटीएक्स ५०९० नको. तिथे बऱ्याच गेममध्ये प्रोसेसरच आधी दमतो आणि महागडं कार्ड नुसतं वाट बघत बसतं. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय पुरे. दोन्हींत १६ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, आहे. रे ट्रेसिंग (गेममधला खऱ्यासारखा प्रकाश) किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं काम असेल तर ५०७० टीआय, नुसते गेम असतील तर जे स्वस्त मिळेल ते.

४के (३८४० x २१६० पिक्सेल) मॉनिटरसाठी सगळे जण आरटीएक्स ५०८० सुचवतात. मला तो सौदा पटत नाही: व्हीरॅम तेवढीच १६ जीबी, आणि वेग ५०७० टीआयपेक्षा साधारण १५ टक्के जास्त. किमतीतला फरक त्याहून मोठा असेल तर सोडा.

५०९० मध्ये ३२ जीबी आहे, पण ते ५७५ वॅट खातं. १००० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय धरूनच बजेट मांडा. ५०८० ला ८५० वॅट चालेल.

कार्डाला वीज देणारी १६ पिनांची केबल लावताना घाई नको. कनेक्टर पूर्ण आत बसला नाही तर थोड्याच पिनांवर प्रवाह एकवटतो, त्या तापतात आणि प्लास्टिक वितळतं. कनेक्टरपासून निदान साडेतीन सेंटीमीटर केबल सरळ ठेवा, मग वळवा. दुसऱ्या पॉवर सप्लायच्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या) केबल अजिबात जोडू नका. टोक बसलं तरी पिनांची मांडणी वेगळी असू शकते.

आणि कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती लांबी आहे ते मोजा, पुढे लिक्विड कूलरचा रेडिएटर असेल तर त्याची जाडी वजा करून. अनेक कार्डं लांबीला ३३० मिलिमीटरच्या वर जातात.