पाटाखाली नाव कुणाचं

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

रविवारी तू घाईत गेलीस. चारची एसटी चुकेल म्हणून अर्धा चहा तसाच टाकलास आणि मला जे बोलायचं होतं ते माझ्या तोंडातच राहिलं. म्हणून हे पत्र. मोबाइलवर एवढं लिहिता येत नाही, अंगठा दुखतो.

तू चौदा चित्रं आणली होतीस. पडवीतल्या बाकावर एकेक मांडलीस. मी ती उलटी करून बघत होतो तेव्हा तुला वाटलं, सर कागद किती जीएसएमचा ते बघताहेत. मी सही शोधत होतो. पुढे नव्हती, मागे नव्हती. एकावरही तारीख नव्हती. आपल्या सावंतवाडीच्या मोती तलावाचं ते पावसातलं जलरंगातलं चित्र, ज्यात राजवाड्याची कौलं तू नुसत्या ओल्या कागदावर सोडून दिलीस, ते कुठल्या पावसातलं असं विचारलं तर म्हणालीस, "गेल्या वर्षीचं असेल, नाहीतर त्याच्या आधीचं." असेल म्हणजे काय? तूच काढलंस ना?

त्यानंतर तू जे विचारलंस त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण मी चिडलो होतो. तू विचारलंस, सर, ह्यात माझी शैली कुठे आहे? मुंबईला जाऊन धडपडू, की इथेच एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या शिकवण्या घेऊ? आणि जाता जाता म्हणालीस, बाबांच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, गणपती रंगवते, पण ते काही माझं काम नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो.

यंदा चतुर्थीला मी सात घरी दर्शनाला गेलो. माझे गुडघे आणि आपले चिरे, सात म्हणजे पुष्कळ झाले. त्यातल्या तीन घरी मी मूर्तीकडे पाहिलं आणि मला कळलं की डोळ्यांची आखणी तुझी आहे. कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या पापणीची रेघ तू बाहेरच्या कोपऱ्याकडे नेताना मध्येच ब्रश हलका करतेस, त्यामुळे नजर थोडी खाली उतरते, समोर बसलेल्या माणसाच्या हातांकडे बघितल्यासारखी. तुझ्या बाबांची नजर सरळ समोर असते, दरवाजाकडे. मी नंतर बाबांना फोन करून विचारलं. तिन्ही तूच आखल्यास. आणि तू मला विचारतेस शैली कुठे आहे! तीन घरांत पाटावर बसली होती बाय, नंतर पाण्यात गेली.

मी बाबांना म्हटलं, पोरीला सही करायला सांग. ते हसले. म्हणाले, "सर, ह्या सगळा बुडतला, मगे सही कित्याक?"

त्यांना मी काय बोलणार? त्यांचं बरोबर आहे. मूर्तीवर कोरू नकोस, देवाच्या अंगावर आपलं नाव मलाही बघवणार नाही. पण नागपंचमीला लोक पाट आणून देतात तेव्हा प्रत्येक पाटाखाली खडूने गिऱ्हाइकाचं नाव आणि वाडी लिहिलेली असते की नाही? घेणाऱ्याचं नाव लिहायला जागा आहे, तर करणाऱ्याचं एका शंभर पानी वहीत लिही. तारीख, घर, माती शाडूची की आपली, आखणी कुणाची. रोज रात्री दोन ओळी. सही आणि तारीख. मला दुसरं काही सांगायचं नाही, हे पत्र इथेच संपवलं तरी चालेल.

संपवत नाही, कारण तू म्हणशील, सर म्हातारे झाले, एकच घेऊन बसलेत.

आपल्या वाडीतलं उदाहरण घे. सावळाराम हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, मुंबईला गेले, मोठे झाले. हातातला दिवा तळव्याने आडोसा करून धरलेली ती बाई, बोटांच्या फटीतून लाल उजेड येतोय, ते 'ग्लो ऑफ होप' त्यांचं. जलरंगात आहे. त्या बोटांचा लाल रंग जलरंगात कसा आणला असेल हे एकदा स्वतः करून बघ, मग कळेल. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि इतकी वर्षं निम्मं जग ते राजा रविवर्म्याचं म्हणून बघून येतं. रविवर्मा गेले १९०६ साली. हे चित्र झालं त्यानंतर चाळीस वर्षांच्या आसपास. एवढी एक तारीख लोकांच्या डोक्यात असती तर हा घोळ झालाच नसता. ज्यांचं नाव झालं त्या माणसाची ही गत, मग चितारआळीतल्या माणसाचं काय?

गंजिफा बघ, आपले हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी डावाची १२० गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाचे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा. चिंचोक्याची खळ, घोटाई, लाखेचा हात. तुला सगळं माहीत आहे, राजवाड्यात बसून तूही चार महिने केलंस. ही कला मरायला टेकली होती तेव्हा आपले राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवींनी ज्या म्हाताऱ्या माणसाकडून ती शिकून घेतली त्याचं नाव पुंडलिक चितारी. आज गावात दहा जणांना विचार. राजेसाहेबांचं नाव दहाही सांगतील, आणि सांगावंच, त्यांनी केलं म्हणून ते राहिलं. चिताऱ्याचं एखादा सांगेल. आणि त्यांच्या आधी ज्यांनी मत्स्यावताराची ती खवल्याखवल्यांची शेपूट बसवली, कूर्माची पाठ बसवली, त्यांचं कुणीच सांगणार नाही. तू चार महिन्यांत जी पानं केलीस त्यातली तुझी कुठली, हे आज तुला तरी ओळखता येईल का? वही आहे का?

पिंगुळीला कुडाळच्या गाडीने अर्ध्या तासात जाशील. ठाकर मंडळींच्या चित्रकथीच्या पोथ्या बघ, पाठीला पाठ चिकटवलेले कागद, एकेक पान उचलून धरायचं आणि कथा गायची. परशुराम गंगावण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, बरं झालं, घरच्या गोठ्यात त्यांनी संग्रहालय उभं केलं होतं. पण जुन्या पोथ्यांतल्या रावणाचा तो एका बाजूला काढलेला मोठा डोळा कुणाच्या हातचा? तसलीच चित्रं पैठणकडे मिळाली तेव्हा लोक त्यांना पैठणची चित्रं म्हणून मोकळे झाले. माणसाचं नाव नसलं की गावाचं लागतं.

मला विचारशील तर आपल्याकडे सगळ्यात शहाणे पाट्या रंगवणारे पेंटर. दुकानाची पाटी झाली की उजव्या कोपऱ्यात, खाली, लाल रंगात नाव आणि गाव. त्यांना कुणी कलावंत म्हणत नव्हतं, तेही स्वतःला म्हणवून घेत नव्हते, पण पाटी लावली की नाव लागायचंच. फ्लेक्स आला आणि तो कोपरा गेला. आता त्या कोपऱ्यात वाढदिवसाच्या शुभेच्छुकांचे फोटो असतात. असो.

आता माझं सांगतो. हे तुला सांगायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले.

शाळेत नोकरी लागण्याआधी आणि लागल्यावरही मी एकूण अठरा वर्षं चतुर्थीच्या आधी गणपतीच्या भिंती रंगवल्या. सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्गची खेडी. चुन्याच्या भिंतीवर डिस्टेंपर आणि स्टेनर, वर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगायची चौकट, बांधायच्या आत काम उरकायचं, रात्री गॅसबत्तीवर. शेषशायी, गजेंद्रमोक्ष, कालियामर्दन. पुढच्या वर्षी वर पुन्हा चुना आणि नवं चित्र. मी ज्यांच्याकडे शिकलो ते म्हणायचे, देवाच्या भिंतीवर आपलं नाव नको. मी मान डोलवली. एकाही भिंतीवर सही नाही. फोटो नाही, कारण कॅमेरा नव्हता, आणि वहीला दोन रुपये पडले असते तेही मी घातले नाहीत.

एका घरचा गजेंद्रमोक्ष मात्र त्यांनी पुसला नाही. आवडला म्हणून ठेवला, नंतर गणपती दुसऱ्या खोलीत बसवायला लागले. पुष्कळ वर्षांनी कोकणातल्या लोककलेवरच्या एका पुस्तकात त्या भिंतीचा रंगीत फोटो छापून आला. अख्खं पान. खाली लिहिलं होतं, लोकचित्रकार, नाव अज्ञात. पुस्तक माझ्याच शाळेच्या लायब्ररीत आलं होतं आणि मी त्याच इमारतीत सातवी ब ला वस्तुचित्र शिकवत होतो.

हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी पुस्तकवाल्यांना नावं ठेवली. त्यांनी घरी विचारायला हवं होतं, वगैरे. मीही ठेवली. पण तुला खरं सांगतो. मी त्यांना पत्र लिहिलं नाही. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. लिहिलं नाही, कारण फोटोत त्या हत्तीचा मागचा पाय चुकला होता. गुडघा जिथे हवा त्याच्या वर, म्हशीसारखा. रंगवताना घाई होती, लक्षात आलं नव्हतं. अख्ख्या पानावर छापल्यावर दुसरं काही दिसेना. आणि ते 'अज्ञात' वाचून मला पहिल्यांदा राग आला नाही बाय, सुटल्यासारखं वाटलं. राग दुसऱ्या दिवशी आला.

म्हणून तू जेव्हा म्हणालीस, "सर, ही अजून फायनल नाहीत म्हणून सही केली नाही," तेव्हा मी चिडलो. ते वाक्य मला पाठ आहे. माझ्या गुरुजींची नम्रता मी चाळीस वर्षं पांघरली, आणि खाली हा पाय होता. सही केली की चूकही आपली होते. मग पुढच्या हत्तीच्या वेळी माणूस जाऊन हत्ती बघतो. मी बघितला नाही, कारण तो चुकलेला पाय अधिकृतपणे माझा नव्हताच.

गुरुजींना दोष देतोय असं समजू नकोस. ते खरोखर नम्र होते. पण त्यांचीही भिंत आज एकसुद्धा नाही, आणि त्यांच्या हातची रेघ कशी होती हे सांगणारा मी एकटा उरलोय, नि मी सांगतो त्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

मुंबईचं. जा. नाहीतर नको जाऊस. हळदणकर गेले, त्यांचं भलं झालं. मी गेलो नाही. आईकडे बघायला कुणी नव्हतं असं मी सगळ्यांना सांगत आलोय. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तिथे माझ्यासारखे दोनशे आहेत हे मला एका प्रदर्शनात उभं राहून अर्ध्या तासात कळलं होतं आणि रात्रीच्या गाडीने मी परत आलो. तरी मला वाटतं मी चुकलो नाही. साडेतीनशे पोरं इंटरमिजिएटला बसवली, त्यातल्या तुझ्यासारख्या दोघी-तिघी निघाल्या. हे मी तुला समजावतोय की मला, ते तू ठरव. पण जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाला तारीख मिळायला वर्षं जातात, आणि तोवर तुझ्या कागदांवर तारीख नसेल तर तिथे तरी काय मांडणार? 'असेल गेल्या वर्षीचं' अशी पाटी लावणार?

शिकवण्या घे, पैसे लागतात. फक्त पोरांनी काढलेल्या प्रत्येक कागदावर पहिल्या दिवसापासून नाव-तारीख घालायला लाव. चांगला असो की रद्दी. ती रडतील, 'बाई, हे चुकलंय' म्हणतील. चुकलंय त्यावर आधी.

आणि बाबांच्या शाळेतलं काम तुझं नाही, हे पुन्हा माझ्या पडवीत बोलू नकोस. पावसात पत्र्यावर धो-धो चालू आहे, साठ पावरचा बल्ब, श्वास धरून तू दोन केसांचा ब्रश टेकवतेस. तुझ्या त्या चौदा चित्रांत एवढी खात्रीची रेघ मला फक्त एका ठिकाणी दिसली, तलावाच्या कठड्यावर बसलेल्या बाईच्या छत्रीची काडी. ती कुठे शिकलीस? रविवारी सांग.

रविवारी ये. सकाळच्या गाडीने ये म्हणजे जेवूनच जाशील, काकू सोलकढी करणार आहे. चौदाही चित्रं घेऊन ये. माझ्या पेटीत दोनशेच्या वर कागद निघालेत, बिनसहीचे. काल मी पंधरा बाहेर काढले आणि सालं आठवायला बसलो. सहांचं आठवलं. बाकीच्यांत तुला कागदाचा पिवळेपणा बघून, त्या काळचा एसटी स्टँड, एखादं झाड असं काहीतरी बघून मदत करावी लागेल. तिठ्यावरचा तो वड कधी तोडला, बाबांना विचारून ये. त्याच्या आधीचे तीन आहेत.

येताना पेन्सिली आण, दोन-तीन, एचबी. पेनाने मागे लिहायचं नाही, जलरंगाच्या कागदाला शाई पुढे उतरते. शार्पनरही आण, माझा नातवाने नेलाय.

तुझे
सर