बॅकबेंडची सुरुवात: चक्रासनाची घाई नको

योगाच्या क्लासमध्ये ‘आज बॅकबेंड’ म्हणतात, तेव्हा भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन, धनुरासन, उष्ट्रासन ही मागे वाकण्याची सगळी आसनं त्यात येतात. एकटं चक्रासन (हातापायांवर पूर्ण कमान) म्हणजे बॅकबेंड नव्हे, त्यामुळे ते जमत नाही म्हणून खट्टू होऊ नका. पहिले काही महिने भुजंगासन (पालथं झोपून छाती उचलणं), शलभासन (पालथं झोपून पाय उचलणं) आणि सेतुबंधासन (पाठीवर झोपून कंबर उचलणं) एवढंच करा. पुरे आहे.

नवशिक्यांचं नेमकं चुकतं ते कंबरेत. कंबरेचे 5 मणके पटकन वाकतात, छातीमागचे 12 बरगड्यांना जोडलेले असल्यामुळे कमी हलतात. मग सगळा बाक कंबरेतच पडतो आणि दुसऱ्या दिवशी तिथेच दुखतं. भुजंगासनात ओटीपोटाखालचं हाड जमिनीला टेकलेलं ठेवा, कोपरं अंगालगत, आणि छाती पुढे सरकवत वर उचला. आता हातांचे तळवे बोटभर उचलून बघा. छाती खाली आली, तर तुम्ही हातांच्या जोरावर चढला होतात. तळवे उचलूनही टिकते तीच तुमची आजची उंची.

आणखी काही:
- मान मागे टाकू नका.
- श्वास अडला की थोडं खाली या.
- जेवणानंतर 3-4 तास थांबा.
- कंबरेत कळ किंवा पायात मुंग्या आल्या तर लगेच सोडा.

हर्निया, स्लिपडिस्क, गरोदरपण किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटी पाठीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या. धनुरासनाचं नंतर बोलू.